दुपारभर ताराबाई शिंदे

आज दुपारभर ताराबाई शिंदे वाचल्या. बुलढाण्याच्या या बाईंचं १८८२ सालचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक नेटवर चक्क फुकट मिळालं! सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर आपल्या नवजात बाळाला मारल्याचा खटला झाला, त्यावरून समस्त बायकांना नावं ठेवली गेली, त्याला दिलेलं हे सणसणीत उत्तर. बायको गेली की पुरुषाला दुसरी चालते, मग सगळे नियम विधवेलाच का? केवढी धमक! वाचताना अंगावर काटा आला. जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकामधून त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते, तेही वाचायचंय.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो आणि पुस्तक सगळ्यांचं होतं. मराठी विकिस्रोत, इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयांत अशी पुस्तकं जरूर चाळा. मी उद्या फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा आसूड’ वाचायला घेतेय. अजून काय वाचू, सांगा ना!