‘मूळ छापील प्रत जोडावी’

भाचीसाठी हाताने वाचायचं चित्रपुस्तक करायला घेतलं, तेव्हा सगळ्यांनी बजावलं होतं की चित्रं जमणं कठीण. चित्रं पटापट झाली. गाडी अडली ती आठ ओळींच्या ब्रेलपाशी. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

चित्रांचं आधी उरकतो. भाचीला जन्मापासून दिसत नाही. कापडातून बुटाचा आकार कापून चिकटवला तर आपल्याला तो बूट वाटतो, तिच्या बोटांना मात्र नुसती वेडीवाकडी कड लागते. तिच्या लेखी बूट म्हणजे खर्रकन निघणारा पट्टा. म्हणून ‘सकाळ’ हा विषय घेतला आणि रोज हाताला लागतो तेवढाच भाग पानावर लावला: टूथब्रशचं कापलेलं डोकं, टॉवेलचा तुकडा, मोज्याची इलॅस्टिकची कड, बुटाचा वेल्क्रो, बटणाचा खिसा, पिशवीची चेन. एका पानावर एकच वस्तू, आणि एकावर एक काही चढवायचं नाही. वेल्क्रोची खरखरीत बाजू उघडी ठेवू नका, समोरच्या पानावरच्या टॉवेलचे धागे ओढून काढते.

आता ब्रेल. प्रत्येक पानाखाली एखाद-दुसरी ओळ हवी होती. एका ब्रेल छपाई केंद्राचा पत्ता मिळाला. तिथला अर्ज असा: मूळ पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या. तळाशी ठळक अक्षरांत, ‘मूळ छापील प्रत जोडावी.’

मी खिडकीतल्या साहेबांना सांगितलं की छापील प्रत नाही, पुस्तक मीच शिवतोय.

“मग ब्रेल कशाचं करायचं?”

“या आठ ओळींचं.”

“ओळींचं होत नाही. पुस्तकाचं होतं.”

हाताने बनवलेलं पुस्तक हे काही मी काढलेलं खूळ नाही. फ्रान्समध्ये दिजोंजवळची ‘ले द्वा की रेव’ ही संस्था १९९४ पासून अंध मुलांसाठी अशीच पुस्तकं बनवते. हे सांगून पाहिलं. साहेबांनी प्रकाशकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे स्वतःचं नाव लिहिलं तर चालेना, मोकळा सोडला तर अर्ज अपूर्ण. शेवटी त्याच आठ ओळी संगणकावर टाइप केल्या, छापल्या, कोपऱ्यात स्टेपल मारली आणि ‘मूळ छापील प्रत’ म्हणून पुढे सरकवल्या. चाललं! फाइलही घेतली. वर सूचना मिळाली, “चित्र असेल तिथे कंसात ‘चित्र’ असं लिहा, आम्ही चित्रं वगळतो.” चित्रपुस्तकाच्या प्रत्येक ओळीपुढे मी मुकाट्याने ‘चित्र’ लिहून दिलं.

मग वाट पाहणं. फोन केला की “यादीत आहे.” पुन्हा केला की “यंत्र मोठ्या कामावर लागलंय, एका कागदासाठी थांबवत नाहीत.” लुई ब्रेलने आपली पद्धत छापून मांडली १८२९ साली, आणि माझ्या आठ ओळी अजून यादीत.

अखेर कागद आला. ओळी कागदभर पसरलेल्या, माझ्या पानात न मावणाऱ्या. कापायच्या तर शब्द मधोमध तुटणार. ते एक वेळ सोसलं असतं. भाचीच्या शाळेतल्या बाई स्वतः ब्रेल वाचतात, त्यांच्याकडे तो कागद नेला. बोट सरसर पुढे गेलं, थबकलं, मागे आलं.

“ही इपशवी काय आहे?”

पुढे ‘इखशात’ही निघालं. कारण बाईंनीच सांगितलं. माझी फाइल युनिकोड या आजच्या सर्रास चालणाऱ्या पद्धतीत होती, केंद्रात ती जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप झाली असणार. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच अक्षराच्या आधी साठवली जाते. ब्रेलमध्ये ‘इ’ची खूण अक्षराच्या नंतर यायला हवी. यंत्राला काय, दिलं ते त्याने टोचलं. कोणीतरी बोटाने वाचून पाहिलं असतं तर पहिल्याच ओळीत सापडलं असतं.

केंद्राला कळवलं. दुरुस्तीसाठी नवीन अर्ज करावा म्हणाले. सोबत मूळ छापील प्रत.

बाईंनी कपाटातून ब्रेलची पाटी आणि स्टायलस म्हणजे टोचणी काढून माझ्यापुढे ठेवलं. “आठच ओळी ना? बसा.”

जाड कागद पाटीत अडकवायचा, साधारण १४० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम), आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. ठिपके उठतात कागदाच्या मागच्या बाजूला. कागद उलटला की डावीकडून वाचता येतं, म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर आरशातलं. एका घरात १ ते ६ असे ठिपके, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगांत. वाचताना १, २, ३ हे ठिपके डाव्या हाताला असतात, टोचताना उजव्या. सुरुवातीला डोकं गरगरतं, मग हाताला सवय होते. टोचण्याआधी घरं मोजून घ्या. सहा ठिपक्यांचं एक घर पुढच्या मोकळ्या जागेसकट सुमारे ६ मिलिमीटर जागा घेतं, आणि मराठी ओळ वाटते त्यापेक्षा लांब होते. ‘ब्रश’ छापील दोन अक्षरांचा, पण ब्रेलमध्ये चार घरांचा: आधी पाय मोडल्याची खूण म्हणून एकटा चौथा ठिपका, मग ब, र, श. ‘पिशवी’ची पाच घरं, कारण दोन्ही वेलांट्यांना आपापलं घर लागतं.

मी टोचलेल्या ओळींच्या कागदी पट्ट्या बाईंनी सलग वाचल्या, एकदाही मागे न येता. त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना ते तीन-तीनदा सांगितलं. तेव्हा ज्यांना मोजक्याच ओळी हव्यात त्यांनी खिडकीच्या नादी लागू नये, पाटी आणावी. पण ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय पट्टी चिकटवू नये. आपण डोळ्यांनी ठिपके मोजतो, बोटाला लागतं ते वेगळं.

पट्टी चिकटवताना गोंद अगदी पातळ लावा. गोंदाचा सुकलेला थेंब बोटाला ठिपका वाटतो आणि अक्षर बदलतं. वर वजन ठेवून दाबू नका, ठिपके बसतात. पुस्तकही आडवं रचू नका, उभं ठेवा. बांधणी रिंगची बरी, पान सपाट उघडतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कण्याच्या बाजूला पानापानांमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या घाला, नाहीतर वस्तूंच्या जाडीने पुस्तक पुढून फुगतं. वरचा उजवा कोपरा तिरका कापला की पुस्तक सुलटं धरलंय हे मुलाला लगेच कळतं. थोडं दिसणाऱ्या मुलांसाठी करत असाल तर पान आणि वस्तू यांच्या रंगांत ठळक फरक हवा.

बटणं मात्र चिकटवायची नाहीत, शिवायची, आणि स्वतः जोर लावून ओढून पाहायची. लहान मुलं सुटलेलं बटण तोंडात घालतात. चेनला दोन्ही टोकांशी जादा टाके घाला आणि मागून कापडाचा तुकडा लावा. भाची इतर पानं वाचून पुढे जाते, चेनच्या पानावर मात्र ठिय्या देऊन बसते, आणि पहिली उसवली तीच.