अकोट्यातली निवडणूक चर्चा: आधी नदी की आधी रस्ते?

बडोदे महानगरपालिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की अकोट्यातल्या आमच्या सोसायटीत हल्ली विश्वामित्री नदीपासूनच सुरुवात होते, आणि ते स्वाभाविकही आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुराने तळमजल्यावरच्या काकूंच्या लाकडी कपाटावर ओढलेली चिखलाची रेघ रंग देऊनही पुसटशी दिसतेच. त्यांचे म्हणणे असे की, सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवरातून पाणी सुटते, वरून पाऊस कोसळत असतो आणि नदीचे पात्र भरावाने व बांधकामांनी आवळलेले असते, तेव्हा मते मागायला येणाऱ्याने पात्र मोकळे कसे करणार ते आधी सांगावे.

दुसऱ्या मजल्यावरच्या दादांना खड्डे आणि मोकाट गुरे अधिक महत्त्वाची वाटतात. हा मुद्दा मी गौण मानत नाही, पण खड्डा बुजवायला आठवडा पुरतो (निदान पुरायला हवा!), नदीच्या कामाला मात्र अनेक वर्षांचे सातत्य लागते, आणि इथे महापौर अडीच वर्षांनी बदलतो. शिवाय पात्रात मगरींचे वास्तव्य असल्यामुळे सरसकट जेसीबी घालूनही चालत नाही.

एका प्रभागातून चार नगरसेवक निवडून येतात, ही सोयही आहे आणि अडचणही, कारण तक्रार घेऊन गेल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. म्हणून पावसाळी गटारांच्या सफाईकडे चौघांपैकी नेमके कोण लक्ष देणार, हे पक्ष न पाहता प्रचारसभेतच विचारायचे ठरले आहे. प्रश्न काकूच विचारणार आहेत.