तुम्ही विचारलंत म्हणून: बाग पडली तेव्हा मी समुद्रावर होते

"समुद्रावर जायला सुट्टी मिळते, मग रावेरला यायला का नाही मिळत?" हा तुम्हा गावाकडच्यांचा प्रश्न जुना आहे. वादळ झालं त्या एप्रिलपासून त्याला दुसरा जोडून येतो: "बापाची केळी आडवी झाली आणि तू फोटो टाकत होतीस?" दोन्हींचं उत्तर एकदाच देते.

पहिल्याचं सोपं आहे. अटलांटाजवळच्या आमच्या शाळांना स्प्रिंग ब्रेक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो. विमानाने मुंबई, तिथून रात्रीची गाडी, म्हणजे निम्मी सुट्टी जाण्यायेण्यातच संपते. तुम्ही ज्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलावता, ती 2023 मध्ये 22 एप्रिलला होती, 2024 मध्ये 10 मेला, 2025 मध्ये 30 एप्रिलला. तोवर शाळा पुन्हा सुरू झालेली असते. फ्लोरिडातल्या डेस्टिनला मात्र सकाळी गाडी काढली की दुपारी पोचतो. मुलींच्या वर्गातली निम्मी मुलं तिथेच भेटतात. हे कारण तुम्हाला फालतू वाटेल, मला वाटत नाही.

आता दुसरं. फोटो मी डेस्टिनच्या संध्याकाळी सहाला स्टेटसला ठेवला. रावेरला तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते, आभाळ स्वच्छ होतं. वादळ आलं त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास. तेव्हा इकडे पहाट होती, मी झोपेत होते. स्टेटस चोवीस तास राहतं. तुम्ही बांधावरून घरी येऊन मोबाइल उघडलात आणि माझ्या मुली पाण्यात उड्या मारताना दिसल्या. तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं. पण वेळ तपासून मग बोला, एवढंच म्हणणं आहे.

दादाने व्हिडिओ कॉल लावला. मृगबाग होती, म्हणजे मृगाच्या पावसात लावलेली केळी, घड भरलेले, दोन-तीन आठवड्यांत कापणीला आले असते. खोडं कंबरेतून मोडली होती. काही झाडं टेकूसकट गेली होती. आप्पा चपला हातात घेऊन चिखलात उभे होते. त्यांनी पायाने एक पान बाजूला सारलं, वाकून घड उलटा केला आणि एकेक फणी बोटाने दाबत गेले. खालच्या फण्या फुटल्या होत्या. चीक मनगटावर ओघळला, तो त्यांनी सदऱ्याला पुसला. केळीच्या चिकाचा डाग निघत नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. असा माल व्यापारी बघतसुद्धा नाही, हेही नव्हती.

मी म्हटलं, "मी येते." ते म्हणाले, "तू येऊन काय घड उभे करशीन, माय? पोरायले पान्यात घेऊन जाय."

मी घेऊन गेले. हे कुणाला सांगितलेलं नाही. किनाऱ्यावर पिवळा झेंडा होता, म्हणजे लाटा मध्यम, सांभाळून उतरा. एक लाल असता तर पाणी खवळलेलं, दोन लाल असते तर उतरायलाच बंदी. दोन लाल असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. डेस्टिनची वाळू गारगोटीची, पांढरी, भर उन्हातही पाय भाजत नाही. धाकटी त्या वाळूत लोळत होती आणि मी फोनवर दादाला विचारत होते, तलाठी पंचनाम्याला आले का, विम्यासाठी मंडळातल्या हवामान केंद्रावर वाऱ्याची नोंद झाली का. दोन्ही एकाच दुपारी. मी दोन्ही नीट केलं.

स्टेटस मी त्याच दिवशी काढून टाकलं. तेव्हा वाटलं, लाज राखली. आता त्या दिवशीच्या माझ्यातल्या बाईला विचारते, कसली लाज? मुली हसत होत्या, त्यात चोरण्यासारखं काय होतं? ती म्हणते, तू त्या घरातली आहेस, घर बसलेलं असताना तुझं घर हसताना दिसू नये. तिचंही खोटं नाही. हे भांडण आमचं अजून चालू आहे.

पैसे पाठवले का, तेही तुम्ही विचारता. पाठवले. आप्पांनी घेतले नाहीत, दादाने घेतले. त्यावर आणखी काही बोलणार नाही.

येत्या जूनमध्ये शाळा संपल्यावर येतोय. काय विचारायचं ते समोर बसून विचारा, चहा घेत विचारा. फक्त आप्पांसमोर नको. ते माझी बाजू घेतील, आणि त्यांनी माझी बाजू घेतलेली मला सहन होत नाही.