सोळा आणे नको, बारा आणे श्वास

माझ्या उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी २ सेंटीमीटरची गाठ निघाली. बायोप्सीत कर्करोग. हृदय आधीच थकलेलं, त्यामुळे भूल देऊन शस्त्रक्रिया करायला डॉक्टर धजावेनात. त्यांनी एसबीआरटी सुचवली. म्हणजे नेमकं गाठीवर रोखलेलं, मोठ्या मात्रेचं रेडिएशन, मोजक्याच बैठकांमध्ये. मला ५ बैठका, दर वेळी १० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक), दिवसाआड. मशीनखाली झोपायचं आणि उठून यायचं, एवढंच मला वाटलं होतं. खरी मेहनत श्वासाची निघाली. त्याबद्दल आधी कुणी नीट सांगितलं असतं तर पहिला दिवस इतका जड गेला नसता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

उपचाराआधी सिम्युलेशन, म्हणजे उपचाराची पूर्वतयारी झाली. बारीक मण्यांनी भरलेल्या गादीवर मला झोपवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले आणि गादीतली हवा ओढून घेतली. बघता बघता ती माझ्या अंगाच्या आकारात दगडासारखी घट्ट झाली. पोटावर एक हलकी डबी ठेवली. तिच्यावरचे चकाकणारे ठिपके कॅमेरा टिपत होता. मग फोर-डी सीटी स्कॅन. त्यात श्वासाच्या एका चक्राचे १० टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचं वेगळं चित्र मिळतं.

ती चित्रं डॉक्टरांनी मला एकापाठोपाठ एक फिरवून दाखवली. पांढरा गोळा श्वासपटलावर (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायूचा पडदा) स्वार झाल्यासारखा वर-खाली होत होता. मोजलं तर दीड सेंटीमीटर. फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या गाठी सहसा इतक्या हलत नाहीत, तळाशी असलेल्यांना मात्र श्वासपटल ओढत राहतं. मी म्हटलं, हलेना का, ती जिथे जिथे जाते ती सगळी जागा भाजून काढा. त्यांनी कागदावर गोळा काढला आणि दीड सेंटीमीटर सरकवून पुन्हा काढला. दोन्ही झाकणारी जागा गाठीच्या दुपटीहून जास्त भरत होती. त्यातला निम्म्याहून अधिक भाग माझ्या धडधाकट फुफ्फुसाचा. तेव्हा पटलं. माझ्या मते अशा प्रत्येक पेशंटला स्वतःची हलती गाठ एकदा दाखवायलाच हवी. ती पाहिल्यावर पुढची मेहनत का करायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी पोटावर पट्टा आवळून श्वास उथळ करायचा प्रयत्न झाला. मला तो सोसला नाही. मग श्वास रोखायचं ठरलं, आणि रोखलेल्या श्वासात पुन्हा स्कॅन करून त्यावर प्लॅन बनवला.

त्याच्या सरावासाठी डोळ्यांसमोर एक छोटा स्क्रीन होता. त्यावर हिरवी पट्टी आणि माझ्या श्वासाबरोबर चढणारी-उतरणारी रेघ. श्वास आत घेऊन रेघ पट्टीत आणायची आणि तिथेच धरायची. पहिल्याच वेळी मी छाती फुटेस्तोवर श्वास भरला. टेक्निशियन मुलगी माइकवरून म्हणाली, "काकू, सोळा आणे नको, बारा आणे श्वास घ्या. तुम्हाला तो पुन्हा पुन्हा तेवढाच घेता आला पाहिजे." सगळी गोम या वाक्यात आहे. किती मोठा श्वास घेता याला महत्त्व नाही, दर वेळी तो तेवढाच असायला हवा. घरी आठ दिवस लेक घड्याळ धरून बसायची. १४ सेकंदांवरून मी २२ वर पोहोचले.

तरी पहिल्या बैठकीत घोळ झालाच. रेघ हिरव्या पट्टीत, मी खूश. पण किरण सोडण्याआधी मशीनवरच जे स्कॅन करतात, त्यात गाठ ठरल्या जागेपासून ६ मिलिमीटर वर दिसली. पुन्हा श्वास, पुन्हा स्कॅन, पुन्हा तेच. मला रडू यायला लागलं. शेवटी फिजिसिस्ट, म्हणजे रेडिएशनचं तांत्रिक गणित बघणारे तज्ज्ञ, आत आले, बाजूला उभे राहून माझा एक श्वास बघितला आणि म्हणाले, "तुम्ही पाठ उचलताय." रेघ गाठायच्या धडपडीत मी कमरेची कमान करत होते. त्यामुळे डबी वर यायची, रेघ पट्टीत जायची, पण हवा पुरेशी आत जात नव्हती आणि श्वासपटल खाली उतरत नव्हतं. बाहेरून सगळं बरोबर, आत गाठ भलतीकडेच.

गादीत माझ्या कमरेखाली एक कडक सुरकुती होती. टेक्निशियननं सांगितलं, आधी ती सुरकुती टोचू द्या, मग श्वास घ्या, आणि सोडेपर्यंत ती टोचत राहिली पाहिजे. मी स्क्रीन विसरून सगळं लक्ष त्या सुरकुतीवर ठेवलं. पुढच्या स्कॅनला गाठ जागेवर आली. मग वीस-वीस सेकंद श्वास धरायचा, तेवढाच वेळ किरण, मधे दम खायचा, असं करत बैठक पार पडली.

तिसऱ्या बैठकीत ऐन किरण चालू असताना खोकला आला. माझ्या पोटात गोळाच आला. पण रेघ पट्टीबाहेर गेली त्याच क्षणी मशीन आपोआप थांबलं होतं. पाणी प्यायले, पुन्हा स्कॅन झालं आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. तेव्हा खोकला दाबून अंग ताठ करू नका, येऊ द्या. आणि ज्यांना श्वास धरताच येत नाही त्यांनी धीर सोडू नये. नेहमीसारखा श्वास चालू ठेवून, उच्छ्वास संपल्यावर फुफ्फुसं क्षणभर स्थिरावतात तेवढ्यापुरतेच किरण सोडायची पद्धतही आहे. माझ्या शेजारी नंबर लावून बसणाऱ्या आजोबांचे उपचार तसेच चालले होते.

पाचव्या बैठकीत पहिल्याच स्कॅनला चित्र जुळलं. नंतर दोन-तीन आठवडे थकवा होता, दुपारी झोपावंच लागायचं. पुढचं स्कॅन तीन महिन्यांनी आहे. किरण लागलेल्या जागी सूज येते आणि ती स्कॅनमध्ये गाठीसारखी दिसू शकते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलंय. म्हणून रिपोर्ट घरी उघडून वाचायचा नाही, पाकीट तसंच त्यांच्याकडे न्यायचं, असं मी आणि लेकीनं ठरवलंय.