बीकरमध्ये होतं ना सर, मग प्लाझ्मा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर जळगावात आमच्या लॅबमध्ये येणारा प्रत्येकजण हेच विचारतो, की पॉलीॲनिलिन, म्हणजे वीज वाहून नेणारं प्लास्टिक, तर बीकरमध्येही होतं, ॲनिलिन घ्या, ॲसिड घ्या, अमोनियम परसल्फेट टाका, थोड्या वेळात हिरवागार गाळ तळाला, मग हा व्हॅक्यूम पंप, हे आरएफ (रेडिओ लहरींच्या वेगाने उलटसुलट होणारी वीज), एवढा पसारा कशाला?

गाळ होतो, खरंय. पण मला गाळ नको, अमोनियाची गळती ओळखणाऱ्या सेन्सरसाठी काचेवर चिकटलेला पातळ पापुद्रा हवाय. तो गाळ सहजासहजी कशात विरघळत नाही, काचेवर लावला तर कुठे जाड कुठे उघडा, आणि वाळला की सुटतो. प्लाझ्मात, म्हणजे विजेने पेटवलेल्या विरळ वायूत, काय होतं, चेंबरमधली हवा काढायची, नीडल व्हॉल्व्हने ॲनिलिनची वाफ हळूच आत सोडायची, १३.५६ मेगाहर्ट्झचं आरएफ लावलं की आत जांभळट उजेड पडतो आणि रेणू तुटून काचेवरच एकमेकांना जोडले जातात. काहीशे नॅनोमीटरची फिल्म, छिद्रं जवळपास नाहीत, पकड पक्की. इलेक्ट्रॉन प्रचंड तापलेले असतात पण गॅस थंडच राहतो, म्हणून प्लास्टिकच्या शीटवरही जमतं. आणि सेन्सरला फिल्म पातळच लागते, गॅस पटकन आत गेला पाहिजे, पटकन बाहेर आला पाहिजे.

पण पॉवर जपून. सुरुवातीला आम्ही वाढवत गेलो, फिल्म भराभर चढायची, पिवळसर, दिसायला सुरेख, आणि मीटरवर रीडिंगच येईना. ॲनिलिनच्या रेणूतली कार्बनची रिंगच फुटत होती, मग करंट वाहणार कुठून? महिना गेला त्यात. पॉवर कमी ठेवून तासभर थांबायचं हे तेव्हा कळलं. एवढं करूनही नुसती फिल्म फारशी कंडक्ट करत नाही, तिला आयोडिनची वाफ द्यावी लागते, १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी पॉलीॲसिटिलीन या दुसऱ्या प्लास्टिकला दिली तशीच, ज्या कामावर त्यांना २००० चं नोबेल मिळालं. आता आयोडिन हळूहळू उडून जातं आणि बेसलाइन, म्हणजे गॅस नसतानाचं मूळ रीडिंग, सरकत राहते, माझ्या मते या कामातली खरी अडचण ही आहे, प्लाझ्मा नाही.

हे सगळं अमोनियासाठी. बर्फाच्या कारखान्यात, कोल्ड स्टोरेजमध्ये पाइपातून अमोनिया फिरतो, आणि दिवसभर तिथे राबणाऱ्या माणसाच्या नाकाला थोड्या वासाची सवय होऊन जाते, बारीक गळती त्याला जाणवतच नाही. त्या माणसासाठी मला हा सेन्सर हवाय. अमोनिया फिल्मला इलेक्ट्रॉन देतो, करंट वाहणारे होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) कमी होतात, रेझिस्टन्स चढतो. टिन ऑक्साइडच्या सेन्सरला २००-४०० डिग्रीचा हीटर लागतो, याला नाही, म्हणून बॅटरी पुरते. (रावेरकडचे काका विचारतात, केळी पिकली की नाही ते यावर कळेल का? नाही काका, केळीचा गॅस इथिलीन, तो असा इलेक्ट्रॉन देत नाही.)

रूम टेम्परेचरला चालतो असं म्हणतात खरं, पण आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री कोरडं आणि श्रावणात भिंतीला ओल, तीच फिल्म दोन वेगळे आकडे देते, ओलाव्याने रेझिस्टन्स बदलतोच. म्हणून आम्ही प्रत्येक फिल्म दोन्ही सीझनला मोजतो आणि दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहितो. मे झालाय, श्रावणाचा रकाना अजून रिकामा आहे.