आत पाण्याचा फुगा, खाली हवेचा

अण्णांना मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन फुगे आले. एक मूत्राशयात, लघवीच्या नळीच्या टोकाला, १० मिली पाण्याने फुगवलेला. दुसरा पाठीखाली, माणसाएवढा लांब, मोटरवर हवा भरणारा. डिस्चार्जच्या कागदावर कुठली गोळी किती वाजता ते नीट लिहिलं होतं. या दोघांबद्दल मात्र एकच ओळ होती, 'कॅथेटर केअर, एअर बेड'. बाकीचं घरी शिकलो. घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या एका सिस्टरनी शिकवलं म्हणणं जास्त खरं.

अण्णा एस.टी.तले ड्रायव्हर, वय अठ्ठ्याहत्तर. न्हाणीत घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशनच्या आधीच लघवी तुंबली, तेव्हा कळलं की मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी चांगलीच वाढलीय. नळी घातली. ऑपरेशननंतर काढून बघितली तर ओटीपोट पुन्हा टम्म. परत नळी. डॉक्टर म्हणाले, पडून राहणं, दुखण्याच्या गोळ्या आणि साफ न होणारा कोठा, या सगळ्यांनी मिळून लघवी अडते. लघवीची वाट सैल करणारी टॅमसुलोसिन चालू करतो, जरा वॉकर धरून हिंडू देत, मग काढून बघू. ती गोळी रात्री झोपताना द्यायची, कारण उठून उभं राहिल्यावर तिने चक्कर येऊ शकते. खुबा नुकताच बसवलेल्या माणसाला चक्कर म्हणजे काय, ते सांगायला नको.

या नळीला फोली म्हणतात, फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरवरून. १९३० च्या दशकातली रचना, अजून तीच चालते. एकाच नळीत दोन वाटा: मोठीतून लघवी बाहेर येते, बारकीतून टोकाजवळच्या फुग्यात पाणी जातं. फुगा आत फुगला की नळी निसटत नाही. फुग्यात डिस्टिल्ड वॉटरच भरतात. सलाईनमधलं मीठ बारक्या वाटेत धरलं तर काढायच्या वेळी फुगा रिकामाच व्हायचा नाही. अण्णांची नळी १६ नंबरची होती. नंबराला तीनने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये निघते, म्हणजे सव्वापाचच्या आसपास. तोंडाशी नारिंगी रंग असतो तो याच नंबराचा. सिस्टरनी पहिल्याच दिवशी पाकिटावरचं स्टिकर फाडून फाइलमध्ये चिकटवायला लावलं आणि शेजारी तारीख घातली. पुढे कुणीही विचारलं, 'कुठली नळी, कधी घातली, फुगा किती मिलीचा?', की फाइल उघडायची. साधी लॅटेक्सची नळी थोड्या दिवसांची सोय असते. पूर्ण सिलिकॉनची असेल तर १२ आठवड्यांपर्यंत ठेवतात. अण्णांना सिलिकॉनची होती.

खरा प्रश्न होता रोज धुवायचं कुणी. आईचे हात थरथरतात. माझी बायको तयार होती, पण अण्णांनी सुनेला साफ नाही सांगितलं. राहिलो मी. बापलेकांनी आयुष्यभर एकमेकांशी पाच-सहा वाक्यांपुढे बोलायचं नाही असा आमच्या घरचा रिवाज, आणि आता हे. सिस्टरनी ग्लोव्हज चढवले, मला चढवायला लावले आणि कुठलाही संकोच न दाखवता सांगितलं, "दादा, साबण आणि पाणी, बस्. डेटॉल नको, पावडर नको. पुढची कातडी मागे घ्यायची, स्वच्छ करायचं, आणि आठवणीने परत पुढे आणायची. मागेच राहिली तर सूज येते, मग पळापळ. नळी पुसायची ती अंगाकडून बाहेर. बाहेरून अंगाकडे कधीच नाही." अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक युक्ती काढली. मी ग्लोव्हज घातले की ते बोलण्यातच आंबा घाटातून गाडी काढायला लागायचे. साखरप्यात चहा, मग चढ, मग कुठल्या वळणावर समोरून ट्रक आला की कुणी मागे घ्यायचं. गाडी घाटमाथ्याला लागेपर्यंत माझं काम उरकलेलं असायचं. कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता मला त्या दिवसांत पाठ झाला.

युरोबॅगचा, म्हणजे नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीचा, नियम एकच: मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. दवाखान्यातल्या लोखंडी कॉटला दांडी असते, आमच्या लाकडी पलंगाला काही नाही. सुताराकडून कडेला खाली एक हूक ठोकून घेतला. २००० मिलीची पिशवी भरेपर्यंत वाट बघायची नाही, दोन-तृतीयांश झाली की ओतायची. वजनाने नळी ओढली जाते. कुशीवर वळवताना पिशवी उचलून अंगावरून पलीकडे नेऊ नका, असंही सिस्टर सांगायच्या. पिशवीच्या तोंडाला झडप असते, पण नळीतली लघवी उलटी फिरायला तेवढंसं उचलणंही पुरतं. नळी मांडीला पट्टीने चिकटवलेली, थोडी सैल ठेवून. अण्णा झोपेत ओढायचे. आतला फुगा तसाच असताना नळी उपसली तर आतून फाटतं, रक्त येतं. पायजम्यापेक्षा लुंगी बरी, हे तेव्हाच ठरलं: काहीही काढावं लागत नाही आणि नळी दिसत राहते.

पिशवी मात्र कुणाला दिसू नये असा त्यांचा हट्ट. बघायला येणारे लोक बोलायचे अण्णांशी, नजर पिवळ्या पिशवीवर. आईने त्यांचा खाकी गणवेशाचा जुना शर्ट काढला आणि त्याची खोळ शिवली, मापाच्या रेघा दिसाव्यात म्हणून मागून उघडी. खिसा तसाच ठेवला. त्यात मी ओतायच्या नोंदींचा कागद ठेवायचो.

एकदा सकाळी चादर ओली. नळीच्या कडेने लघवी येत होती आणि पिशवीत जवळपास काही नाही. शेजारचे काका म्हणाले, नळी बारीक पडतेय, जाड घालून घ्या. सिस्टरना फोन केला. त्यांनी क्रमाने विचारलं. नळी कुठे दुमडलीय का? मांडीखाली दबलीय का? पिशवी वर गेलीय का? नव्हतं. "आजोबांना संडास कधी झाली?" हे विचारल्यावर आई गप्प झाली. होऊन बरेच दिवस झाले होते. भरलेला कोठा मूत्राशयावर दाबतो, मूत्राशय आवळतं आणि लघवी मिळेल त्या वाटेने बाहेर येते. जाड नळी घातली असती तर आवळणं वाढण्याचीच शक्यता जास्त. एनिमा दिला, डॉक्टरांना विचारून रात्रीचं पातळ औषध सुरू केलं आणि चादर कोरडी राहू लागली. आत मूत्राशय गच्च भरलंय आणि नळीतून थेंब नाही, असं असेल तर मात्र घरी थांबायचं नसतं.

दुसरी धास्ती लघवीच्या रिपोर्टची. हौसेने केला, आणि पस सेल्स, म्हणजे पू-पेशी, भरपूर. मी कुठली ॲन्टिबायोटिक द्यायची म्हणून विचारायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, नळी बरेच दिवस असली की लघवीत जंतू सापडतातच. ताप, थंडी वाजणं, कमरेत दुखणं, एकदम बरळायला लागणं, यातलं काही असेल तर लगेच या. नुसत्या कागदाला औषध देत नाही. पटायला जड गेलं, पण पटलं.

आता दुसरा फुगा. दवाखान्यातच माकडहाडावर लाल डाग दिसला, म्हणून घरी येतानाच एअर बेड भाड्याने घेतला. सिस्टरनी बोटाने डाग दाबला. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी होऊन परत लाल झाली. म्हणाल्या, अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली असती तर जखमेची सुरुवात झाली असती. सावळ्या कातडीवर रंग चटकन कळत नाही, तेव्हा गरम लागतं का, टणक लागतं का, ते हाताने बघायचं. आणि त्या डागावर स्पिरिट-पावडर चोळायचं नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोळतच आलेत, त्यामुळे आत्याबाईंना हे मुळीच आवडलं नाही. त्यांनी बसायला हवेची गोल रिंग आणली होती, तीही परत गेली. रिंगच्या मधल्या भोकात जागा मोकळी राहते खरी, पण कडा चहूबाजूंनी दाबून तिथलाच रक्तपुरवठा तोडतात.

एअर बेड नेहमीच्या गादीवर अंथरायचा, मोटर पायथ्याला टांगायची. बुडबुड्यांच्या एका आड एक रांगा भरतात आणि उतरतात. आमच्या मोटरला एका फेरीला दहाएक मिनिटं लागायची, म्हणजे एकच जागा सतत दबत नाही. वर एकच चादर, तीही सैल. आईने मायेने दोन गोधड्या घातल्या होत्या. गोधडी घातली की खालच्या हवेचा उपयोग संपला. बटण वजनाप्रमाणे लावायचं, पण भरवसा हाताचा: माकडहाडाच्या बरोबर खाली, बेडच्या तळाशी तळहात सरकवायचा. शरीर आणि हाताच्या मध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर दाब कमी आहे. अण्णांना या तपासणीत रस होता. रोज विचारायचे, "हवा बघितलीस का? कमी हवेवर गाडी काढली की टायर कडेनं खातो." बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावी लागतेच. विकणारा हे सांगत नाही. सरळ नव्वद अंशांत कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन अर्धवट कलतं. टाचा पोटरीखालच्या उशीने अधांतरी.

आणि वीज. आमच्याकडे वीज गेली की साधा बुडबुड्यांचा बेड हळूहळू बसतो. मोटर फार वीज खात नाही, म्हणून पंख्याऐवजी ती इन्व्हर्टरवर घेतली. उन्हाळ्यात ही निवड फार लोकप्रिय झाली नाही. एकदा मांजराने दोन बुडबुडे फोडले. बेडबरोबर ठिगळं येतात, पण अण्णांच्या देखरेखीखाली मला आधी साबणाचं पाणी लावून गळती शोधावी लागली.

अण्णा वॉकरवर अंगणापर्यंत जाऊ लागले आणि कोठाही रोज साफ होऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी नळी काढायला सांगितलं. सकाळी काढतात, म्हणजे अडचण आली तर दिवस हाताशी असतो. सिस्टरनी फुग्याच्या तोंडाला सिरिंज लावली आणि दट्ट्या ओढला नाही, नुसती धरून ठेवली. पाणी आपोआप मागे आलं. जोराने ओढलं तर बारकी वाट चिकटू शकते. १० मिली भरलं होतं, त्याहून थोडं कमी निघालं. सिलिकॉनच्या फुग्यातून पाणी हळूहळू झिरपतं, म्हणून काळजी नव्हती. "आजोबा, मोठा श्वास सोडा." नळी बाहेर. अण्णांनी या वेळी घाट काढला नाही, फक्त "झालं?" एवढं विचारलं.

मग पाणी थोडं थोडं, एकदम तांब्याभर नाही. पहिली लघवी जळजळत, थोडीशी. दुपारपर्यंत आम्ही प्रत्येक वेळी भांड्यात मोजत होतो. संध्याकाळी सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर मागे राहिलेली बघितली. डॉक्टर म्हणाले, एवढी चालेल, गोळी चालू ठेवा. खोळीच्या खिशातला नोंदींचा कागद त्यांना दिला. त्यांनी वाचला आणि परत केला.

बेड परत करायला मी सर्जिकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तिथेच मोटर लावून फुगवला, ठिगळ बघितलं आणि डिपॉझिटमधून पैसे कापले. घरी सांगितलं तर अण्णा तापले. "ठिगळातून हवा गळतीय का? मग कसले पैसे? मला घेऊन चल तिथं, मी बोलतो." वॉकर ओढत दारापर्यंत गेलेसुद्धा.