बिलं बरोब्बर २३०० निघाली आणि तिथंच शंका आली

गळीत हंगामात कारखान्याच्या ऊस बिल विभागातनं सकाळी सकाळी फोन आला की आम्ही बिलाचा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांनी समजायचं काहीतरी अडलंय. पंधरवड्याची बिलं बँकेत जमा झाली होती, पण शेवटच्या गटातल्या एका गावात निम्म्या लोकांची आली आणि निम्म्यांची आलीच नाहीत. गावात तोवर बोलणं सुरू झालेलं की विरोधी पॅनेलवाल्यांची बिलं मुद्दाम अडवली. गटाधिकाऱ्यांनी फोन स्पीकरवर टाकला तर मागनं एक काका सांगत होते, "साहेब, वजन पावत्या हायत की आमच्याकडं, ऊस काट्यावरनंच गेलाय, मग पैसं कुठं अडकलं?" त्यांचं बरोबरच होतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज लागतं. आणि सोसायटीचं कर्ज काय थांबत नाही.

बिलाचा प्रोग्रॅम जुना, ओरॅकल डेटाबेसवरचा प्रो-सी, म्हणजे सी भाषेच्या आत एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) लिहिलेलं. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमनं लिहिलेली नोंद, बघितला तर एकही एरर नाही, रन सक्सेसफुल. पहिला संशय लूपमधल्या कमिटवर (बदल कायमचे जतन करायची आज्ञा) गेला, कारण फॉर अपडेटवाला, म्हणजे ओळी कुलूपबंद करून वाचणारा, कर्सर असेल आणि मध्येच कमिट मारलं तर पुढच्या फेचला, म्हणजे पुढची ओळ आणताना, ओआरए-०१००२ हा एरर येतो, पण इथं फॉर अपडेट नव्हतंच आणि एरर आला असता तर प्रोग्रॅम तिथंच थांबला असता. मग कर्सरची क्वेरी, म्हणजे यादी काढायचा प्रश्न, उचलून एसक्यूएल प्लस या ओरॅकलच्या साधनात थेट तशीच चालवली, २३४७ ओळी आल्या. बिलं बनलेली २३००. शेवटची दोन शून्यं बघून मी उठूनच बसलो! डेटाचा घोळ असता तर इतका गोल आकडा आला नसता. क्वेरी गट, गाव, सभासद नंबर अशी लावलेली, म्हणजे राहिलेले ४७ जण हे नुसते यादीचे शेवटचे ४७ होते, पॅनेलचा काही संबंधच नाही.

हंगामाआधी कुणीतरी स्पीड वाढवायला एकेक ओळ फेच करायच्या जागी १०० चा अ‍ॅरे केला होता, म्हणजे एका दमात १०० ओळी आणायच्या. चांगली सुधारणा आहे ती, सर्व्हरच्या फेऱ्या खूप वाचतात. पण वरती प्रोग्रॅममधली जुनी आज्ञा तशीच राहिली, व्हेनएव्हर नॉट फाउंड डू ब्रेक, म्हणजे 'सापडलं नाही' असं उत्तर आलं की लूपमधनं बाहेर पड. प्रीकंपायलरनं (प्रो-सीचं साध्या सी मध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बनवलेली सी फाइल उघडली तर फेचच्या लगेच खाली दिसतं, एसक्यूएलकोड, म्हणजे डेटाबेसच्या उत्तराचा नंबर, १४०३ असला तर ब्रेक. एकेक ओळ असताना १४०३ म्हणजे यादी संपली. अ‍ॅरे असताना मात्र १०० मागितल्या आणि ४७ च मिळाल्या तरी १४०३ च येतो, ४७ ओळी अ‍ॅरेत येऊन बसलेल्या असतात आणि प्रोग्रॅम त्यांच्याकडं न बघता बाहेर पडतो. लूपच्या बाहेर एसक्यूएलईआरआरडी मधला तिसरा आकडा, ज्यात ओरॅकल आतापर्यंत दिलेल्या ओळी मोजतो, तो छापला, तो आला २३४७. म्हणजे ओरॅकलनं सगळ्या ओळी दिल्या होत्या! बिल रजिस्टरची बेरीज पण जुळत होती कारण तीही त्याच लूपमध्ये व्हायची. आधीच्या पंधरवड्यात १२ जण राहिलेले, ते खाते नंबरचा घोळ म्हणून हातानं व्हाउचर करून मिटवलेले.

दुरुस्ती छोटीच. नॉट फाउंडला ब्रेकच्या जागी कंटिन्यू, म्हणजे 'पुढं चालू ठेव', केलं, मग आत्ताचा तिसरा आकडा वजा मागचा आकडा एवढ्या ओळींवर लूप, कारण तो आकडा कर्सर उघडल्यापासूनची बेरीज असतो, एका फेचचा नसतो. त्या ओळी झाल्यावर मगच १४०३ तपासून ब्रेक. जास्त भीती परत रन करायची होती, २३०० जणांना दुसऱ्यांदा पैसे गेले असते तर वसुली करताना नाकी नऊ आले असते. म्हणून ज्यांचं त्या पंधरवड्याचं बिल बनलंय त्यांना वगळायची अट क्वेरीत घातली, फक्त ४७ नावं निघाली, विभागातल्या दादांनी ती पावत्यांशी एकेक करून ताडून बघितली आणि दुपारी बँकेची फाइल गेली. गटाधिकाऱ्यांना म्हटलं ही यादीच गावात दाखवा, शेवटच्या नंबरांपर्यंत कशी सरळ जाते ते लोकांना दिसू दे.

तोडणी-वाहतूक बिलाच्या प्रोग्रॅममध्येही तोच अ‍ॅरे आणि तीच आज्ञा सापडली, तिथंही बदललं. आता दोन्हीकडं क्वेरीचा काउंट आणि बनलेल्या बिलांचा आकडा लॉगमध्ये शेजारी शेजारी छापतो, जुळला नाही तर बँकेची फाइल तयारच होत नाही.